करदोडा

बाजेखाली वाकून राजेश्रीनं लघवीच्या पिशवीवरची रेघ बघितली. रात्रभरात चारशेच. काल सकाळी सहाशे भरली होती, परवा आठशे. रंगही बरा नव्हता, कोऱ्या चहासारखा लालसर होता, आणि नळीत पांढरा गाळ दिसत होता. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, बादली सरकवली आणि पिशवीची तोटी काठाला न टेकवता उघडली. पिशवी रिकामी झाल्यावर तोटी पुसून बंद केली. बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या सासऱ्याकडं एकदाही न बघता ती बादली घेऊन मोरीकडं गेली.

आबासाहेबांना नळी लागून नऊ महिने झाले होते. लघवीच्या वाटेवर गाठ होती आणि हृदय इतकं अशक्त, की ऑपरेशनची भूल सोसणार नाही, असं गंगाखेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे आता जन्मभर नळी. महिन्याला जाऊन बदलून यायची आणि मधले सगळे दिवस घरच्यांनी सांभाळायची. घरच्यांनी म्हणजे कोणी, ते काही डॉक्टर बोलले नव्हते. ते घरानं आपलं आपण ठरवलं. नळी अंगात शिरते तिथं रोज साबणपाण्यानं पुसायचं काम दत्ताचं, म्हणजे मुलाचं. पिशवी ओतायचं काम राजेश्रीचं, म्हणजे सुनेचं. सासूच्या, मनकर्णाबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यांना आकडे सोडा, पिशवीही धड दिसत नव्हती. धोतराच्या आतलं दत्तानं बघायचं आणि बाहेरचं राजेश्रीनं, अशी हद्द पडली होती. शेताच्या बांधाची हद्द कोणी पाळत नाही, इतकी ही या घरात पाळली जात होती.

त्यातून आबासाहेब म्हणजे सहा फुटांचा, भारदस्त मिशांचा माणूस. कुणाच्या वाटण्या अडल्या, कुणाचं लग्न मोडायला आलं, की पालमपासून राणीसावरगावपर्यंत यांना बोलावणं यायचं. अशा माणसाच्या वाट्याला मुताची पिशवी आली. त्या दिवसापासून ते मारुतीच्या देवळात गेले नाहीत, पारावर बसले नाहीत. सुनेशी तर ते आधीही बोलत नव्हते. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती आणि तिनं त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता. दोघं एका खोलीत असले तरी त्यांचं बोलणं मनकर्णाबाईंमार्फत चालायचं.

"आत्याबाई, मामांना म्हणावं आज लय कमी आलीय. पाणी प्या जरा," बाजेशी तांब्या ठेवत राजेश्री म्हणाली.

"तिला म्हण पितो," आबासाहेब भिंतीला म्हणाले.

"पितो म्हणायल्यात," मनकर्णाबाईंनी निरोप पोचवला. दोघांमध्ये अंतर दोन हातांचं होतं.

तांब्या सकाळी भरून ठेवायचा, दुपारी भरून ठेवायचा, आणि संध्याकाळी तो रिकामा मिळायचा. एवढं पाणी पिऊन लघवी रोज कमीच कशी, हे कोडं राजेश्रीला दोन-तीन दिवसांपासून सुटत नव्हतं. ओसरीच्या कडेला कढीपत्त्याचं झाड होतं. मार्चच्या उन्हात दारची झेंडू-सदाफुली करपून गेली होती आणि कढीपत्ता तेवढा आषाढातल्यासारखा हिरवागार होता. तिनं ते बघितलं होतं. पण बघितलेलं सगळंच कुठं डोक्यात शिरतं.

गावच्या आशा सेविका, धम्मशीलाताई, महिन्यातून दोनदा येऊन जायच्या. त्यांच्या आईला चार वर्षं नळी होती, त्यामुळं त्या पुस्तकातलं कमी आणि घरचं जास्त बोलायच्या. "वहिनी, लघवीला चढ चढता येत न्हाई. तिला उतारच लागतो. आपण पाट काढताव, तसं धरा. पिशवी कंबरंच्या खाली, नळीला कुठं पीळ न्हाई, वढ न्हाई. अन् पाणी भरपूर. पाणी कमी झालं की गाळ बसला, गाळ बसला की तुंबली." हे सगळं त्या ओसरीच्या पायरीवर बसून सांगत. पायरीच्या पुढं त्या कधी आल्या नव्हत्या. येऊ नका असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि या असंही म्हटलं नव्हतं.

राजेश्रीनं चुलीवर तवा टाकला तोवर दत्ताचा शेतातून फोन आला. तो अंधार असतानाच गेला होता.

"आभाळ भरून यायलंय. नांदेडकडं गारा पडल्या म्हणं. सगळी ज्वारी आडवी पडलीय. तू ये बिगी."

"आबांची लघवी कमी आलीय. मला काय बरं वाटंना."

"माय हाय ना घरी? का आबाला आता पाळण्यात घालून झोका द्यायचाय?"

तिनं भाकरी बांधल्या. अबोली, तिची लेक, शाळेला गेली होती. निघताना राजेश्रीनं पिशवी परत एकदा बघितली. बाजेच्या खालच्या दांडीला आकड्यात अडकवलेली होती, नळी सरळ उतरत होती. तळाशी पन्नास-साठ जमलं होतं. "आत्याबाई, पिशवी खालीच राहू द्या," असं सांगून ती निघाली.

शेतात दोन दिवसांपूर्वी काढलेली ज्वारी ओळीनं आडवी पडली होती. कणसं मोडून ढीग करायचा आणि पावसाआधी त्यावर ताडपत्री ओढायची, एवढंच काम, पण तीन एकरांचं. मजूर कोणी मिळत नव्हतं, कारण गावात सगळ्यांचीच ज्वारी आडवी पडली होती. गावातली मनिषा आणि तिची जाऊ अशा दोघी मोठ्या मिनतवारीनं आल्या होत्या. राजेश्री उकिडवी बसली आणि कणसं मोडू लागली. ज्वारीची कुसळं मानेत, ब्लाउजात, कोपराच्या खळीत शिरली. अंग नुसतं खाजत होतं. वारा पडला होता आणि उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. कणीस मोडलं, की तिच्या मनात आकडा यायचा. चारशे. पुढचं मोडलं, की परत चारशे.

अकराच्या सुमाराला तिनं घरी फोन लावला.

"राणीसावरगावचे बन्सीधरराव आल्यात," मनकर्णाबाई कौतुकानं सांगू लागल्या. "नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन. म्या चहा केला. तुझे मामा कसे ताठ बसल्यात बग, हसायल्यात, बोलायल्यात. लय दिसानं."

"पिशवी कुठं हाय, आत्याबाई?"

"आता मला कुठं दिसायलंय." बाजेखाली हात फिरल्याची खसफस ऐकू आली. मग मनकर्णाबाईंचा आवाज खाली आला. "म्या चाचपलं बाई बाजेखाली. तिथं तर न्हाई."

राजेश्रीच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. पिशवी चालत तर कुठं जाणार नाही. ती तिथं नाही म्हणजे मामांनी उचलली. आणि उचलून ठेवली म्हणजे वरच ठेवली. लघवीला चढ चढता येत नाही.

"मी घरी जायलेय," ती उठली.

"येडी का खुळी तू?" दत्तानं आभाळाकडं हात केला. पश्चिमेला काळंभोर झालं होतं. "एवढा ढीग उघडा पडलाय! घंटाभर थांब."

मनिषा आणि तिच्या जावेनं एकमेकींकडं बघितलं. सासऱ्याचं नाव सांगून कामातून पळणारी सून त्यांनी आधी बघितली नसावी. मनिषा पदराआड हसली. राजेश्री परत बसली. दहा कणसं मोडली असतील, नसतील. मग तिनं हातातलं ज्वारीचं ताट तिथंच टाकलं आणि कोणाला काही न सांगता चालू लागली. मागून दत्ता ओरडत होता, त्यातलं एक अक्षर तिनं ऐकलं नाही. कुसळानं अंग पेटलं होतं, वाटेत ढेकळं होती, चपलेचा अंगठा तुटला तशी ती तिनं हातात घेतली.

वेशीजवळ तिला बन्सीधरराव भेटले. फाट्यावर एसटी धरायला निघाले होते, धोतराचा सोगा हातात, चेहऱ्यावर समाधान.

"सूनबाई, आबासाहेब तर ठणठणीत हायत की! लोकं उगं कायबी सांगायल्यात. नळी हाय, पिशवी हाय. दोन घंटे बसलो मी, मला तर काय दिसली न्हाई."

राजेश्री त्यांच्या पाया पडली, ते चुकवता येत नव्हतं, आणि उठली ती पळतच सुटली.

आबासाहेब बाजेच्या काठावर बसले होते. दोन्ही हातांनी चौकटीची लाकडं धरलेली, मान खाली, कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन टपटपत होता. मनकर्णाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि "काय व्हायलंय, सांगा की," एवढंच परत परत म्हणत होत्या.  मधूनच आबासाहेबांच्या तोंडून, बैल दमल्यावर निघतो तसा, लांब हुंकार निघत होता.

"आत्याबाई, पिशवी कुठंय, विचारा त्यांना."

"दत्ताला बोलव म्हण," आबासाहेब दात आवळून म्हणाले.

तिनं दत्ताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. त्याचा सदरा बाभळीला टांगलेला होता आणि फोन सदऱ्यात होता, ती येतानाच बघून आली होती. तिसऱ्यांदा लावून झाल्यावर तिनं धम्मशीलाताईंना लावला. त्या आशांच्या बैठकीला पालमला गेल्या होत्या.

"वहिनी, घाबरू नका," धम्मशीलाताई खुर्च्यांच्या आवाजातून बाहेर आल्या. "पिशवी कुठं हाय?"

"दिसंना. धोतराच्या आत घेतलीय. पाव्हणे आले होते."

"पोट बगा. बेंबीच्या खाली टणक लागतंय का? लघवी यायलीय का उलीशी तरी?"

"मी कशी बघू, ताई? आत्याबाईंना दिसत न्हाई. हे शेतात हायत."

पलीकडं एस.टी. स्टँडवरचा भोंगा वाजला. मग धम्मशीलाताईंचा आवाज आला तो वेगळाच होता.

"माझ्या मायची अशीच तुंबली होती, वहिनी. मी मायला म्हटलं, भैया येऊ दे, तो दवाखान्यात नेईल. मी बाजूलाच बसलेली होते. नळी नुसती पायाखाली दबलेली होती, पण मी काय पांघरूण काढलं न्हाई. मायच लाजायली होती, मीबी लाजले. भैया सांजच्याला आला. मायला ताप भरला तो उतरलाच न्हाई. आता तुमी काय करायचं ते करा. पण आधी हात धुवा साबणानं."

राजेश्रीनं फोन आवाज मोठा करून फळीवर ठेवला. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. कुसळं निघाली नाहीत, पण साबण लागला. परत आली तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि कमरेला खोचला. बारा वर्षांत पहिल्यांदा. तिच्या कानांवरून वारं गेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं.

"मामा," ती म्हणाली. मनकर्णाबाईंना नाही, त्यांनाच. "मी बघायलेय."

"न्हाई." आबासाहेबांनी दोन्ही हात धोतरावर ठेवले. "मरू दे मला. सुनंनं बघावं असं काय राहिलं न्हाई माझं."

"उद्या मला घरातून हाकलून द्या. आज हात काढा."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग होता का भीती, तिला सांगता आलं नसतं. मग पोटात कळ आली, त्यांचे हात आपोआप लाकडाकडं गेले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

तिनं त्यांना आडवं केलं. बंडी वर सरकवली आणि धोतराची गाठ सोडली. पिशवी पोटावर होती, बंडीच्या आत, छातीशी घेतल्यासारखी. तीत सकाळचेच पन्नास-साठ. बेंबीच्या खाली पोट कलिंगडासारखं टणक आणि वर आलेलं. आणि नळी मांडीवरून खाली जायच्याऐवजी वर वळवलेली होती. हलू नये, धोतराबाहेर दिसू नये, म्हणून आबासाहेबांनी ती कमरेच्या करदोड्यात खोचली होती. खोचली तेव्हा बसली असेल बेतानं. पण गाळामुळं रात्रीपासूनच थोडं थोडं आत साचत होतं, त्यात दोन तास मूत्राशय फुगत गेलं, पोट वर आलं, करदोडा मांसात रुतला आणि नळी त्याच्याखाली दुमडून पार चपटी झाली. पाहुणे गेल्यावर त्यांना ती काढता आली नाही, आणि काढा असं म्हणता आलं नाही.

"करदोड्यात अडकलीय, ताई."

"वढू नका!" फोन ओरडला. "दुसरं टोक आत हाय. वढलं तर रक्त येईल. करदोडा सोडा."

गाठ घामानं आवळून दगड झाली होती. राजेश्रीनं नखं लावली, नख मोडलं. तिनं बोट खाली घालायचा प्रयत्न केला तसे आबासाहेब विव्हळले.

"आत्याबाई, कापावा लागतोय."

मनकर्णाबाई चटका बसल्यासारख्या उठल्या. "कापू नको! थांब, नवा बांधू आधी. डब्यात काळा दोरा हाय." दर पोळ्याला त्या करदोडा वळून द्यायच्या. आधी नवा बांधायचा आणि मग जुना सोडायचा, बाप्याची कंबर घटकाभर मोकळी ठेवायची नाही, अशी या घरची रीत. त्या चाचपडत फडताळाकडं गेल्या. एक डबा उघडला, तो हळदीचा निघाला. दुसरा उघडला, त्यात सुया होत्या. आबासाहेबांचे ओठ पांढरे पडले होते.

बाजेच्या उशाशी त्यांची पानाची चंची होती. तिच्यातून राजेश्रीनं अडकित्ता काढला आणि चुलीवरच्या भांड्यातल्या गरम पाण्यात बुडवून पुसला.

"जित्या माणसाचा तोडत न्हाईत गं!" मनकर्णाबाई डबा टाकून येऊन तिचा दंड धरू लागल्या. "मेल्यावर तोडत्यात! माझं कुंकू..."

"आत्याबाई, हात सोडा." ती मागं सरली नाही. तिनं डाव्या हाताची दोन बोटं करदोड्याखाली रेटली, म्हणजे नळी आणि कातडी खाली सुरक्षित राहील. आबासाहेब ओरडले. बोटांच्या वर ताणलेल्या काळ्या दोऱ्यात तिनं अडकित्त्याचं पातं घातलं. सुपारी फोडतो तसा कट्‌ आवाज झाला आणि करदोडा दोन्ही बाजूंनी सुटून पडला.

तिनं दुमड उलगडली, नळी बोटांनी गोल केली, मांडीवरून खाली घेतली आणि पिशवी बाजेच्या खालच्या दांडीला अडकवली. काहीच आलं नाही. नळी रिकामी. तिनं नळी बोटांत धरून ठेवली.  मनकर्णाबाई कपाळाला हात लावून खाली बसल्या होत्या. बाहेर पहिल्यांदाच वारा सुटला आणि दाराची कडी वाजली.

मग नळीत एक गाळाची गुठळी हलली. सरकली, थांबली, आणि तिच्यामागून लघवी धावत आली. राजेश्रीच्या बोटांना नळी गरम लागली. दोनशे. चारशे. तिनं मोठ्यानं आकडे वाचायला सुरुवात केली, कोणासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. सहाशे. आठशे. आबासाहेबांचं अंग हळूहळू सैल पडलं. नऊशेला त्यांनी डोळे उघडले आणि ते आढ्याकडं बघत मुसमुसून रडू लागले. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना बघायची तिला सवय नव्हती. तिनं धोतर त्यांच्या अंगावर नीट पसरलं.

"उद्या सकाळीच गंगाखेडला न्या," धम्मशीलाताई म्हणाल्या. "लघवी खराब हाय, नळी बदलावी लागंल. हुडहुडी भरली तर उद्याची वाट बघू नका, तवाच निघा. अन् आता पाणी पाजा."

राजेश्रीनं बाजेशेजारचा तांब्या उचलला. तो रिकामा होता. पाहुण्यांसमोर बसून दोन तासांत कोणी अख्खा तांब्या पितं का? तिनं ओसरीकडं बघितलं. कढीपत्त्याच्या बुडाशी माती ओली होती.

"मामा," ती म्हणाली, "पाणी कुठं जायलंय रोज?"

 "पाणी प्यालं की पिशवी भरती," आबासाहेब म्हणाले. "भरली की तुला वाकावं लागतंय. दत्ता सांजच्याला येतो. तवर दम काढायचा म्हणलं. सुनंनं सासऱ्याचं मूत उचलायचं, हे बरं हाय का?"

तिच्या मनात नऊ महिन्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली. "अन् आज म्या काय उचललं, मामा?"

 तिनं तांब्या भरून आणला, तेव्हा आबासाहेबांनी हात पुढं केला.

पाऊस दोनच्या सुमाराला आला. गारा नव्हत्या, पण चांगला अर्धा तास झोडपून गेला. दत्ता आला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता, डोळे लाल, बायकोला काय काय बोलायचं ते वाटेनं जुळवत आलेला. उंबऱ्यापाशी त्याची नजर खाली गेली. झटापटीत पायानं सरकून करदोडा तिथं येऊन पडला होता. काळा, तुटलेला, दोन्ही टोकं मोकळी.

दत्ता उंबऱ्यातच बसला.  हातातला विळा खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. आत मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या, राजेश्री उघड्या डोक्यानं खाली बसलेली दिसली, आणि त्यानं लहान पोरासारखी "आबा!" अशी हाक फोडली.

"वरडतो कामून?" आतून आबासाहेबांचा आवाज आला. "किती भिजली ज्वारी?"

अर्धी भिजली होती. अर्धी कणसं काळी पडणार होती आणि कडबा कुजका निघणार होता. वाटेनं जुळवलेलं सगळं दत्ता विसरला होता. त्यानं करदोडा उचलून मुठीत धरला आणि किती तरी वेळ तो तसाच बसून राहिला.

संध्याकाळी धम्मशीलाताई पालमहून उतरल्या त्या थेट इकडंच आल्या आणि सवयीनं पायरीवर बसल्या. मनकर्णाबाई आतून चाचपडत आल्या. "तिथं कामून बसलीस बाई? आत ये. बाजंपाशी बसून बग त्यांना." धम्मशीलाताईंनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं, चपला काढल्या आणि त्या आत आल्या. आबासाहेबांना ताप चढू लागला होता. धम्मशीलाताईंनीच शेजारची जीप बोलावली.

दवाखान्यातले दोन दिवस फार वाईट गेले. आबासाहेब तापात बडबडत होते, नळी बदलली, सलाईन लागली, आणि मनकर्णाबाई घरी काळा दोरा वळत देवाचं नाव घेत होत्या. अडकित्त्यानं काय केलं ते गंगाखेडच्या डॉक्टरांना कळलं नाही, पण राजेश्री खुर्चीवर बसल्या बसल्या हजारदा तोच कट्‌ आवाज ऐकत होती. यांचं काही बरंवाईट झालं, तर सासू आयुष्यभर काय म्हणेल, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. घरी आल्यावर मनकर्णाबाईंनी नवा करदोडा पुढं केला. "कितपत बांधू?" त्यांनी सुनेला विचारलं.

"दोन बोटं सैल," राजेश्री म्हणाली. "अन् नळी त्याच्या खालून कधी घ्यायची न्हाई."

पुढच्या आठवड्यात बन्सीधरराव परत आले. दवाखान्याचं ऐकून भेटायला आले होते, आणि त्यांच्यासोबत गावचेही दोघं-तिघं ओसरीवर टेकले. आबासाहेबांची बाज ओसरीवरच होती. मनकर्णाबाईंच्या जुन्या लुगड्याची एक खोळ राजेश्रीनं शिवली होती, तिच्यात पिशवी, आणि ती बाजेच्या खालच्या दांडीला सगळ्यांसमोर लटकत होती. माणसं तिच्याकडं न बघता पावसाबद्दल बोलत होती. आबासाहेबांनी बोलता बोलता तांब्या तोंडाला लावला आणि तळापर्यंत संपवला.

राजेश्री आत पीठ मळत होती. "राजेश्री!" अशी हाक आली तेव्हा तिला वाटलं, दत्ता आला. परत हाक आली. आवाज दत्ताचा नव्हता.

"राजेश्री, पिशवी भरली गं."

 ती हात धुवून बादली घेऊन बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला होता, तो डोक्यावर घ्यायला हवा होता हे तिला वाकल्यावर आठवलं. तिनं तो तसाच राहू दिला. बन्सीधरराव घाईनं आभाळाकडं बघू लागले.

"तिकडं काय बघायलाव?" आबासाहेब म्हणाले. "इकडं बगा की. त्या दिवशी तुमाला दिसली न्हाई म्हणं. हीच ती."

तिनं खोळ बाजूला करून रेघ बघितली. हजार, आणि रंग बांबूच्या सुपासारखा फिका पिवळा. "हजार, मामा," ती म्हणाली. तिनं तोटी उघडली, पिशवी रिकामी केली, तोटी पुसली, बंद केली.

मोरीकडं वळताना ओसरीच्या कडेला तिचा पाय थांबला. आठ दिवसांत कढीपत्त्यानं मान टाकली होती, खालची पानं पिवळी पडून गळाली होती. राजेश्री त्याच्याकडं बघत उभी राहिली आणि तिला इतकं बरं वाटलं, की ती हसली. मग बादली धुऊन ठेवली आणि झाडासाठी वेगळं पाणी आणायला ती हौदाकडं गेली.